वंशसंहाराच्या इतिहासाचे अध्ययन : साक्षीची विद्या

(पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसमोर व त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाची ही संहिता.)



परीक्षांचे निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन, संगणक, स्पर्धा परीक्षा या वाटा सर्वांना ठाऊक असतात. मुलाने इतिहास घ्यायचे ठरवले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. आणि एखाद्या मुलीने, 'मला वंशसंहाराचा इतिहास शिकायचा आहे,' असे सांगितले तर ती आठी अधिकच खोल होते. हा काय शिकण्याचा विषय झाला? यातून चरितार्थ चालेल काय? आणि ऐन उमेदीची वर्षे मृत्यूच्या सहवासात घालवून मनाचे काय होईल? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ते टाळून या विषयाचे गोडवे गाणे म्हणजे विद्यार्थ्यांची फसवणूक ठरेल. म्हणून या तिन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

शब्दाचा जन्म

पहिला प्रश्न असा की, हा स्वतंत्र विषय का आहे? कत्तली तर इतिहासाच्या आरंभापासून होत आल्या आहेत. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. कत्तल, हत्याकांड, शिरकाण, नरसंहार हे सारे शब्द आपण वापरतो आणि पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा सहज ठेवतो. परंतु 'वंशसंहार' हा शब्द या सर्वांहून वेगळा आहे. त्याला जन्मतारीख आहे आणि जन्मदाताही आहे.

राफाएल लेमकिन यांचा जन्म १९०० साली, आज बेलारूसमध्ये असलेल्या प्रदेशातील एका ज्यू शेतकरी कुटुंबात झाला. १५ मार्च १९२१ रोजी बर्लिनच्या रस्त्यावर एका आर्मेनियन तरुणाने तलात पाशा यांना गोळी घातली. तलात पाशा हे उस्मानी साम्राज्याचे माजी मंत्री. १९१५ साली लाखो आर्मेनियन लोकांना देशोधडीला लावून मृत्यूच्या खाईत लोटणाऱ्या राजवटीतील ते एक प्रमुख होते. जर्मन न्यायालयाने त्या तरुणाला निर्दोष सोडले. विद्यार्थिदशेतील लेमकिन यांच्या मनाला एक प्रश्न सलत राहिला. एका माणसाला मारणाऱ्यावर खटला भरता येतो. मग एक संपूर्ण समाज नष्ट करणाऱ्या राज्यकर्त्यावर खटला भरण्याची सोय कोणत्याही कायद्यात का नाही? भाषाशास्त्राची ओढ असलेला हा विद्यार्थी कायद्याकडे वळला तो या प्रश्नामुळे.

१९३९ साली नाझी सैन्य पोलंडमध्ये शिरले. लेमकिन निसटून स्वीडनला आणि तेथून १९४१ साली अमेरिकेत पोहोचले. वाटेत त्यांनी एक विलक्षण काम केले. नाझींनी जिंकलेल्या देशांत जे जे फर्मान, जी जी राजपत्रे प्रसिद्ध होत होती, ती ते गोळा करीत गेले. सुटे सुटे वाचले तर हे कोरडे सरकारी आदेश होते. एकत्र मांडून वाचल्यावर मात्र त्यांतून एक आराखडा दिसू लागला. या कागदांच्या आधारे त्यांनी १९४४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात ग्रीक व लॅटिन धातू जोडून 'जेनोसाइड' हा शब्द प्रथम वापरला. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबातील ४९ जण त्या संहारात मारले गेले होते.

९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या अपराधाविषयीचा करार संमत केला. १९५१ साली तो अंमलात आला आणि भारताने १९५९ साली त्यास अनुसमर्थन दिले. या कराराची व्याख्या विद्यार्थ्याने मुखोद्गत करावी अशी आहे. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्ये त्यात येतात : गटातील लोकांना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, गटाचा नाश व्हावा अशी जीवनस्थिती मुद्दाम लादणे, गटात जन्मच होऊ नयेत असे उपाय करणे, आणि गटाची मुले बळाने दुसऱ्या गटाकडे नेणे. या साऱ्या व्याख्येचा प्राण एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे 'हेतू'.

शब्दाची शिस्त

व्याख्या किती काटेकोर आहे, याची दोन उदाहरणे घेऊ. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीखाली सुमारे १७ लाख माणसे उपासमार, अतिश्रम, रोगराई व हत्या यांना बळी पडली. या राजवटीच्या हयात नेत्यांवरील खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०१८ मध्ये लागला. न्यायालयाने वंशसंहाराचा दोष सिद्ध मानला तो व्हिएतनामी व चाम मुस्लिम या अल्पसंख्य गटांच्या बाबतीत. बहुसंख्य मृत हे स्वतः ख्मेरच होते आणि मारणारेही ख्मेर. त्यांच्या बाबतीत त्याच नेत्यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आले. मृत्यू तितकेच भीषण असूनही अपराधाचे नाव निराळे पडले, कारण राजकीय वा वर्गीय गटांना कराराच्या व्याख्येत स्थान नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील. काश्मिरी पंडितांच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ साली दिलेल्या निर्णयात असे नमूद केले की, पंडितांविरुद्ध वंशसंहारसदृश कृत्ये घडली आहेत आणि काही दहशतवाद्यांच्या मनात तसा बेतही असू शकेल. तथापि कराराच्या कठोर व्याख्येपर्यंत हे गुन्हे, कितीही गंभीर असले तरी, पोहोचत नाहीत. हा निष्कर्ष मान्य नसणारे आहेत आणि मतभेदाचा अधिकार त्यांना आहेच. परंतु अभ्यासकाला तो मतभेद घोषणेने व्यक्त करता येत नाही. हेतूचा पुरावा कोणता, तो कोठे आहे, आयोगासमोर काय आले आणि काय आले नाही, हे त्याला कागदाने आणि साक्षीने दाखवावे लागते. सभेत उच्चारलेल्या शब्दाला टाळी मिळते, प्रबंधात लिहिलेल्या शब्दाला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. ही शिस्त अंगी बाणवणे हेच या पदवीचे पहिले फलित होय.

पुरावा कोठे सापडतो?

पुरावा मिळवण्याची विद्या कशी असते, हे पाहण्यासाठी राऊल हिलबर्ग यांचे चरित्र वाचावे. व्हिएन्नात जन्मलेला हा मुलगा १९३९ साली कुटुंबासह देश सोडून निघाला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात त्याने ज्यूंच्या संहारावर प्रबंध लिहायचे ठरवले. तेव्हा त्याच्या मार्गदर्शकांनीच त्याला बजावले होते की, या विषयामुळे तुझी कारकीर्द गाडली जाईल. ते सावध करणे खोटे नव्हते. त्या काळी हा विषय कोणालाच नको होता आणि ग्रंथासाठी प्रकाशक मिळण्यास वर्षे गेली. १९६१ साली तो प्रसिद्ध झाला आणि आज या विद्याशाखेचा पाया मानला जातो.

हिलबर्ग यांनी प्रामुख्याने शोध घेतला तो कचेऱ्यांच्या कागदपत्रांचा. जर्मन रेल्वेचे उदाहरण पाहा. पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे माणसे नेणाऱ्या गाड्यांचे भाडे रेल्वे रीतसर आकारत असे. दर तिसऱ्या वर्गाचा, तिकीट एकेरी. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे भाडे, चार वर्षांखालील मुलांना माफ. चारशे वा अधिक माणसे असतील तर समूह-सवलत. पहारेकऱ्यांसाठी मात्र परतीचे तिकीट. हा तपशील वाचताना क्षणभर श्वास अडखळतो. कोणा कारकुनाने हे हिशेब केले, कोणी अधिकाऱ्याने ते तपासले, कोणी वेळापत्रक आखले. त्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नसेल. संहार म्हणजे केवळ क्रूरकर्म्यांचे कृत्य अशी जी सोयीची समजूत असते, ती या कागदांपुढे टिकत नाही. संहाराला टंकलेखक लागतो, अभियंता लागतो, कायदेपंडित लागतो, आणि मान खाली घालून काम करणारी माणसे फार मोठ्या संख्येने लागतात. हे समजणे हाच या अध्ययनाचा गाभा आहे.

दुसरे नाव बेंजामिन फेरेंझ यांचे. युद्धोत्तर बर्लिनमध्ये १९४७ साली त्यांच्या शोधपथकाला नाझी मारेकरी तुकड्यांचे गोपनीय अहवाल सापडले. कोणत्या गावात किती माणसे मारली, हे तुकड्यांच्या प्रमुखांनीच वरिष्ठांना कळवले होते. फेरेंझ यांनी एका लहानशा बेरीज-यंत्रावर ते आकडे मिळवायला आरंभ केला आणि बेरीज दहा लाखांवर गेली तेव्हा ते थांबले. न्युरेंबर्ग येथील त्या खटल्याचे प्रमुख अभियोक्ता झाले तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते. साक्षीदार न बोलावता, केवळ आरोपींच्याच अहवालांवर त्यांनी दोन दिवसांत आपली बाजू मांडली. न्यायासनासमोर उभ्या असलेल्या २२ आरोपींपैकी एकही निर्दोष सुटला नाही. १०३ वर्षांचे दीर्घायुष्य लाभलेले फेरेंझ २०२३ साली निवर्तले.

परंतु मारणाऱ्यांचे कागद म्हणजे अर्धेच सत्य. उरलेले अर्धे मरणाऱ्यांनी जपले. वॉर्साच्या ज्यू वस्तीत कोंडलेले इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी १९४० पासून सुमारे साठ सहकाऱ्यांचा एक गुप्त गट उभारला. या गटाने रोजनिशा, शिधापत्रिका, शाळकरी मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टने असे सारे जमवले. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत भरून हा संग्रह जमिनीत पुरला. रिंगेलब्लुम १९४४ साली मारले गेले. त्या गटातील मोजून तिघे वाचले. १९४६ व १९५० साली दोन ठेवी उकरून काढण्यात आल्या. तिसरी अद्याप हाती आलेली नाही. आपण उरणार नाही हे ठाऊक असताना त्या माणसांनी भावी इतिहासकारासाठी साधने ठेवली. जो विद्यार्थी आज या विषयाकडे वळतो, तो त्यांनी ज्याची वाट पाहिली तो वाचक असतो.

१९७१ : आपल्या उंबरठ्यावरील अध्याय

हा सारा युरोपचा इतिहास, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. त्यांनी २५ मार्च १९७१ च्या रात्रीकडे पाहावे. त्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई आरंभली. अमेरिकेचे तेथील वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी आपल्या सरकारला तारांवर तारा पाठवल्या. ६ एप्रिलची त्यांच्या कचेरीतील सहकाऱ्यांची निषेधाची तार तर राजनीतीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हिंदूंना निवडून लक्ष्य केले जात असल्याची नोंद त्यांच्या अहवालांत आहे. वॉशिंग्टनने ती ऐकली नाही; ब्लड यांनाच ढाक्यातून हलवण्यात आले.

जगाला हे कळले ते एका पत्रकारामुळे. अँथनी मस्करेन्हस यांचा जन्म बेळगावचा, कुटुंब गोमंतकीय ख्रिस्ती, नोकरी कराचीच्या वृत्तपत्रात. एप्रिल १९७१ मध्ये सरकारने काही पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेले. सारे सुरळीत आहे असे त्यांनी लिहावे ही अपेक्षा होती. मस्करेन्हस यांनी कोमिल्ला परिसरात जे पाहिले आणि अधिकाऱ्यांच्या तोंडून जे ऐकले, ते लपवून लिहिणे त्यांना जमेना. ते लंडनला गेले, संपादकांशी बोलले, परत आले, आधी पत्नी व मुलांना देशाबाहेर काढले आणि मग स्वतः अफगाणिस्तानची सीमा ओलांडून निसटले. १३ जून १९७१ रोजी 'संडे टाइम्स'मध्ये त्यांचा वृत्तान्त छापला गेला. मथळा एकाच शब्दाचा होता, लेमकिन यांनी घडवलेला तोच शब्द. घर, नोकरी, देश यांचे मोल देऊन लिहिलेला तो लेख आज १९७१ च्या प्रत्येक अभ्यासकाला वाचावा लागतो.

सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांत हिंदूंचे प्रमाण फार मोठे होते. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायविद आयोगाने १९७२ च्या अहवालात, पूर्व बंगालमधील हिंदूंविरुद्ध वंशसंहाराचा अपराध घडल्याचा सबळ सकृद्दर्शनी पुरावा आहे, असा निष्कर्ष काढला. परंतु ज्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवण्याचे योजले होते, ते १९७४ च्या त्रिपक्षीय करारानंतर खटल्याविनाच मायदेशी परतले. बांगलादेशात २०१० साली न्यायाधिकरण स्थापन झाले, तेव्हा त्याच्यासमोर आले ते स्थानिक साथीदार. मृतांच्या संख्येविषयी आजही एकवाक्यता नाही. बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाखांचा आहे. अनेक संशोधक त्याहून पुष्कळ कमी आकडे देतात. येथे अभ्यासकाची कसोटी लागते. आकडा फुगवल्याने मृतांचा सन्मान वाढत नाही. उलट एक आकडा खोटा ठरला की, नाकारणाऱ्याला सारेच खोटे ठरवण्याची संधी मिळते. गावोगावची यादी, शिबिरांची दप्तरे, रुग्णालयांच्या नोंदी, वयोवृद्ध साक्षीदारांच्या मुलाखती यांच्या आधारे हे काम अजून पुष्कळ व्हावयाचे आहे. तो पिढीचा साक्षीदार वर्ग दरवर्षी विरळ होत आहे. बंगाली शिकणे मराठी विद्यार्थ्याला जड नाही, आणि कोलकाता, आगरतळा, गुवाहाटी ही ठिकाणे त्याला परदेश नाहीत. इतके जवळचे, इतके मोठे आणि इतके अपुरे राहिलेले संशोधनक्षेत्र दुसरे क्वचितच असेल.

पदवीची वाट

आता व्यवहाराकडे वळू. भारतात या विषयाची स्वतंत्र पदवी हा रुळलेला मार्ग नाही. म्हणून पायाभूत पदवी इतिहास, कायदा, राज्यशास्त्र, समाजशास्त्र वा मानववंशशास्त्र यांपैकी एका विषयात घ्यावी आणि विशेषज्ञता पदव्युत्तर पातळीवर मिळवावी, हा शहाणपणाचा क्रम होय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्लार्क विद्यापीठ या विषयातील डॉक्टरेटच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ, नेदरलँड्समधील अॅमस्टरडॅम विद्यापीठ आणि इस्रायलमधील हैफा विद्यापीठ यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवले आहेत. येल विद्यापीठात बेन किर्नन यांनी कंबोडियाविषयी उभारलेले संशोधन पथदर्शक ठरले. अभ्यासक्रम, शुल्क व शिष्यवृत्तीच्या अटी वर्षागणिक बदलतात. अर्ज करण्यापूर्वी त्यांची विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्यावी. चेव्हनिंग, फुलब्राइट-नेहरू, युरोपीय संघाची इरास्मस मुंडस आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांची माहिती आपली पात्रता पाहून एक-दीड वर्ष आधीच मिळवावी. अमेरिकेतील डॉक्टरेटसाठी पुष्कळदा विद्यापीठच शुल्क व निर्वाहवेतन देते, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

प्रवेशापूर्वीची खरी तयारी मात्र भाषेची. मूळ कागद वाचता आला नाही, तर अभ्यासक दुसऱ्याच्या अनुवादाचा ओलीस होतो. युरोपातील संहारासाठी जर्मन अनिवार्य, पोलिश वा यिडिश उपकारक, आर्मेनियासाठी जुन्या अरबी लिपीतील उस्मानी तुर्की, कंबोडियासाठी ख्मेर, १९७१ साठी बंगाली व उर्दू. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट व मॅक्सम्युलर भवन येथे परकीय भाषा शिकण्याची जुनी परंपरा आहे. आणि महाराष्ट्राला आणखी एक वारसा लाभला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, ती अस्सल कागदावाचून इतिहास नाही या निष्ठेतून. मोडी वाचायला शिकलेला, पेशवे दप्तरातील एखादा रुमाल सोडून त्यातील कागदाचा काळ, हस्ताक्षर, हेतू तपासायला शिकलेला विद्यार्थी बर्लिनच्या वा नॉमपेन्हच्या दप्तरखान्यात गोंधळणार नाही. विषय बदलतो, तपासणीची रीत तीच राहते.

मौखिक इतिहासाचा सरावही घराजवळच करता येतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उखडून दूरच्या प्रदेशांत हाकलले होते. त्या हद्दपारीला कोणते नाव द्यावे, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. परंतु तिच्या खुणा करवीरच्या मातीत आहेत. फाळणीत उद्ध्वस्त होऊन आलेली सिंधी कुटुंबे उल्हासनगरात आहेत. त्यांच्या घरच्या आठवणी ऐकणे, टिपणे, ताडून पाहणे हा उत्तम पहिला धडा ठरेल.

चरितार्थाचा प्रश्न

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. केवळ या विषयाच्या प्राध्यापकपदांची संख्या जगभरातच मर्यादित आहे आणि न्यायाधिकरणांतील नेमणुका बहुधा मुदतीच्या असतात. म्हणून या ज्ञानासोबत दुसरे एक कौशल्य हाती हवे : कायदा, अभिलेखशास्त्र, संख्याशास्त्र, उपग्रह-चित्रांचे वाचन, न्यायवैद्यक किंवा पत्रकारिता. दोन्हींचा संगम झाला की कामाची क्षेत्रे पुष्कळ आहेत.

अॅलिसन डेस फोर्जेस यांनी येल विद्यापीठात रवांडाच्या एका राजाच्या कारकिर्दीवर डॉक्टरेट मिळवली. त्या काळी हा विषय घेऊन काय करणार, असेच कोणीही विचारले असते. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सींची हत्या झाली, आणि तो देश, ती भाषा, तो समाज जाणणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना झाली. त्यांनी त्या संहाराचा सविस्तर अहवाल सिद्ध केला आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अनेक खटल्यांत तज्ज्ञ साक्ष दिली. त्याच न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी आकायेसू या माजी नगरप्रमुखाला दोषी ठरवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दिलेला तो पहिला दोषनिर्णय. बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते, असे त्यात प्रथमच मानले गेले. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेतील तमिळ कुळातल्या नवनीतम पिल्ले होत्या.

बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर मुस्लिम पुरुष व मुले मारली गेली. अपराध्यांनी नंतर यंत्रांनी थडगी उकरून प्रेते दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाचे अवशेष वेगवेगळ्या थडग्यांत सापडले. न्यायवैद्यक तज्ज्ञ, माती व परागकण यांचे अभ्यासक आणि नातलगांच्या रक्तनमुन्यांशी हाडांतील डीएनए ताडणारे वैज्ञानिक यांनी एकत्र येऊन जवळजवळ सात हजार जणांची ओळख पटवली. कोण्या मातेला अखेर मुलाच्या नावाचा दगड मिळाला, तो या परिश्रमांमुळे. ज्याला विज्ञानाची आवड आहे, त्यालाही या क्षेत्रात जागा आहे ती अशी.

याखेरीज दप्तरखाने आणि संग्रहालये आहेत. जर्मनीतील आरोल्सेन येथील अभिलेखागारात नाझींनी छळलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीचे कागद आहेत आणि आपल्या आजोबांचे काय झाले असे विचारणारी पत्रे तेथे आजही येतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात पंचावन्न हजारांहून अधिक दृक्-श्राव्य साक्षी आहेत. कंबोडियाच्या अभिलेख केंद्राने जमवलेले लक्षावधी कागद खटल्यांत कामी आले. परराष्ट्र सेवा, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, मानवी हक्क आयोग, वृत्तमाध्यमे, शालेय अभ्यासक्रम-निर्मिती, या सर्व ठिकाणी असा अभ्यासक उपयोगी पडतो.

नाकारणाऱ्यांशी गाठ

या विद्येची गरज किती, हे लंडनच्या न्यायालयात २००० साली दिसले. डेव्हिड आयर्व्हिंग या लेखकाने, आपल्याला ज्यू-संहार नाकारणारा म्हटल्याबद्दल, प्राध्यापिका डेबोरा लिपस्टाट व त्यांचे प्रकाशक यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लिश कायद्यानुसार विधान खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादींवर होता. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स व त्यांचे साहाय्यक यांनी दोन वर्षे खपून आयर्व्हिंग यांच्या तळटिपा मुळाशी ताडून पाहिल्या. कोठे वाक्य अर्धे तोडले, कोठे अनुवाद वाकवला, कोठे प्रतिकूल कागद गाळला, हे एकेक करून मांडले. सर्व चुका एकाच दिशेने झुकलेल्या होत्या. दावा फेटाळला गेला. विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटणारी तळटीप ही सत्याच्या संरक्षणाची शेवटची चौकी असते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मनाचा आणि निष्ठेचा प्रश्न

उरला तिसरा प्रश्न, मनाचा. अशा साक्षी वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांच्या झोपेवर व स्वभावावर परिणाम होतो, हे या क्षेत्रात आता उघडपणे मान्य केले जाते. त्यावरचे उपाय साधे आहेत : कामाचे तास मर्यादित ठेवणे, सहकाऱ्यांशी बोलणे, गरज भासताच समुपदेशकाचे साहाय्य घेणे, आणि अभ्यासाबाहेरचे जीवन, संगीत, खेळ, घरची माणसे, निश्चयाने जपणे. पालकांनी, 'सोड तो विषय' असे न म्हणता, 'आज काय वाचलेस?' असे विचारले, तरी ओझे निम्मे होते.

याहून मोठा धोका निष्ठेचा आहे. ज्याच्या समाजाने घाव सोसले आहेत, त्याला आपल्याच घावांचा इतिहास तेवढा दिसू लागतो. स्वजनांविषयीची वेदना स्वाभाविक आहे. अभ्यासाची सुरुवात तिने व्हावी, यात गैर काहीच नाही. परंतु तेथेच थांबला तो अभ्यासक नव्हे. पूर्व बंगालचा हिंदू, स्रेब्रेनित्साचा मुसलमान, रवांडाचा ख्रिस्ती तुत्सी, इराकमधील यझिदी, वॉर्साचा ज्यू यांच्या साक्षी ज्याला सारख्याच आदराने ऐकता येतात, त्याचाच शब्द जगाच्या न्यायासनापुढे टिकतो. दुसऱ्याच्या दुःखाला कमी लेखणाऱ्याने मांडलेले स्वतःचे दुःखही जग संशयानेच पाहते. आणि या इतिहासाचा उपयोग द्वेषाचे इंधन म्हणून करणारा, नकळत, ज्या रोगाचा अभ्यास करावयाचा त्याच रोगाचा वाहक होतो. प्रत्येक संहाराच्या आधी कोणत्या तरी रेडिओवर, कोणत्या तरी वृत्तपत्रात, शेजाऱ्याला झुरळ, किडा, घाण म्हणण्याची सवय लागलेली असते. रवांडातील रेडिओचालक व संपादक यांना २००३ साली शिक्षा झाली ती याच कारणाने. ती भाषा ओळखून वेळीच थांबवणारी माणसे घडवणे, हा या शिक्षणाचा अंतिम हेतू आहे.

मित्रहो, हा मार्ग सर्वांसाठी नाही आणि तो सुखाचाही नाही. परंतु शंभरांत एखाद्याला किंवा एखादीला तो खुणावत असेल, तर तिला अडवू नका. तिला भाषा शिकू द्या, कायदा वाचू द्या, दप्तरखान्याची धूळ अंगावर घेऊ द्या. जे बोलण्यासाठी उरले नाहीत, त्यांच्या वतीने अचूक बोलणारे कोणीतरी लागते. ते काम करण्याची तयारी ज्या घरातील मुलामुलींची आहे, त्या घराने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती.